नववी डिस्क

४ मार्च, सोमवार

आज कामावर रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी जागा आवडली. कारण एकच, खुर्ची. याआधी तीन नोकऱ्या केल्या. टायरच्या दुकानात, खाणावळीत भांडी घासायला आणि गोदामात पोती मोजायला. पण बूड टेकायला कुणी दिलं नव्हतं. इथं चाकांची खुर्ची आहे. सुपरवायझर चहाला गेला तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन फेऱ्या मारून घेतल्या.

ही वही ताईनं दिली. म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरी, कुठं चार महिने टिकत नाहीस, निदान दिवस जातात कुठं ते तरी लिहून ठेव. मी म्हटलं, पाचवीत शाळा सोडलेल्यानं लिहायचं काय? ती म्हणाली, बोलतोस तेवढंच लिही, वही पुरायची नाही.

काम असं आहे. मोठ्या कचेऱ्यांतून जुन्या डिस्क पेट्या भरून येतात. त्यातली कुठली अजून पळते आणि कुठली दमली, ते आपण बघायचं. मशीनला आठ खण आहेत. आठ डिस्क आत सारायच्या आणि काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. टूलचं नाव इंग्रजी आहे, मला ते म्हणता येत नाही, इथं सगळे नुसतं टूलच म्हणतात. ते डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचतं आणि सांगतं, सेकंदाला इतकं वाचलं. मग तिच्यावर शून्यं लिहितं आणि सांगतं, सेकंदाला इतकं लिहिलं. लिहिलं की आधीचं सगळं पुसलं जातं. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, वेगही कळतो आणि डिस्क कोरीही होते. वेगवान असेल तर हिरवं स्टिकर, मंद असेल तर पिवळं, टकटक आवाज करत असेल तर भंगारात.

टूलला चार गोष्टी सांगाव्या लागतात. कुठली डिस्क, वाचायचं का लिहायचं, कुठून आणि किती. शेवटच्या दोन आम्ही रिकाम्या ठेवतो, कारण आपल्याला डिस्क अख्खीच लागते. रिकामं ठेवलं की टूल पहिल्यापासून शेवटपर्यंत जातं. पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली आहे, तिच्यावर कमांड आहे. इंग्रजी येत नसलं तरी चित्र लक्षात ठेवावं तशी कमांड लक्षात राहते.

७ मार्च, गुरुवार

तीन दिवसांत हात बसला. सुपरवायझर म्हणतो, नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी बघू. पन्नाशीचा माणूस आहे, सदा दमलेला. बोलतो तेसुद्धा जांभईच्या मधल्या फटीत. पण मनाचा वाईट नाही. माझा डबा कमी वाटला तर स्वतःच्या डब्यातलं काढून देतो आणि वर म्हणतो, मला डॉक्टरनं कमी खायला सांगितलंय.

त्यानं दोन नियम डोक्यात खिळ्यासारखे ठोकलेत. पहिला, लिहायची टेस्ट एकदा सुरू झाली की मध्ये थांबत नाही. वाचायची थांबवता येते, लिहायची नाही. पूर्वी थांबायची. मग एकदा अर्धी पुसलेली डिस्क तशीच बाहेर विकली गेली आणि कुणाचे तरी घरगुती कागद भलत्याच्या हाती लागले. तेव्हापासून साहेबानं टूललाच तसं करून ठेवलं. दुसरा, लाल दिवा असताना डिस्क उपसायची नाही. लिहिता लिहिता उपसली तर ती अख्खी मरते, पुसलेलंही जातं आणि न पुसलेलंही.

आणखी एक म्हणजे पट्टा. अंगातली वीज डिस्कला लागली तर ती जळते, म्हणून डाव्या मनगटाला पट्टा बांधतात. त्याची वायर एका छोट्या पेटीतून मशीनच्या पत्र्याला जाते. पेटीवर हिरवा दिवा असतो. बांधलेल्या म्हशीसारखं वाटतं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, कुणीतरी तुला बांधून घातलं एकदाचं.

पॅकिंगला एक माणूस आहे, त्याला सगळे पाहुणा म्हणतात. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. रोज सकाळी दारात उभा राहतो आणि पहिल्यांदाच आल्यासारखा हसून सगळीकडं बघतो. सुपरवायझर त्याला रोज खोकं कसं दुमडायचं ते दाखवतो. अगदी रोज. त्यानंतर दिवसभर पाहुणा झकास काम करतो. मी त्याला विचारलं, गाव कुठलं दादा? तो माझ्याकडं बघून हसला आणि मलाच विचारलं, तुमचं?

११ मार्च, सोमवार

आज यादीत नऊ डिस्क दिसल्या. खण आठ, डिस्क आठ आणि यादीत नऊ. आठ डिस्कांपुढं कंपनीचं नाव, मॉडेल, सगळं होतं. नवव्या ओळीत नावाच्या जागी काहीच नव्हतं, नुसता आकार, नऊशे पंच्याहत्तर जीबी.

सुपरवायझरला हाक मारली. तो आलाच नाही, लांबूनच म्हणाला की आठाच्या पुढं काही दिसलं तर डोळे मिटायचे. मी म्हटलं, अहो पण दिसतंय तर. तो म्हणाला, मलाही पुष्कळ काही दिसतं रे, मी बोलतो का?

१३ मार्च, बुधवार

डोळे मिटणं आपल्याला जमत असतं तर ताईनं मला कशाला भिंगरी म्हटलं असतं?

दुपारी जेवायच्या सुट्टीत हात धुवायला पट्टा काढला. परत आलो आणि सहज यादी मागवली, तर आठ. पट्टा बांधला, नऊ. काढला, आठ. बांधला, नऊ. दहा वेळा करून बघितलं. आणि सोमवारपासून तिचा आकार थोडा वाढला आहे. डिस्कचा आकार वाढत नसतो. पोराचा वाढतो.

मग तिला वाचायची टेस्ट लावली. वाचण्यानं काही बिघडत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

वेग अगदीच कमी, सेकंदाला वीस एमबी. एवढी मंद डिस्क पिवळ्यातही बसत नाही, आम्ही ती भंगारात टाकतो. आकडा पळायला लागला आणि मनगटापासून वर काहीतरी चढलं. आधी नुसता अंधार आणि ऊब. मग कोळशाचा वास, मग ओल्या कापडावर तापलेलं लोखंड टेकल्यावर येते ती वाफ. मग एक हात दिसला. अंगठ्याजवळ भाजल्याचा पांढरा डाग असलेला.

तो माझ्या आईचा हात होता.

आई इस्त्रीचं काम करायची हे मला ठाऊक होतं, पण ऐकीव. मी पाच वर्षांचा असताना ती गेली. फोटो एकही नाही. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिला सगळं आठवतं, पण ती सांगत नाही. मी तेवीस वर्षांचा झालो आणि आज पहिल्यांदा आईचा हात बघितला. सुट्टी संपली तेव्हा टेस्ट थांबवली. डबा तसाच राहिला.

१४ मार्च, गुरुवार

आज चेहरा बघितला. मला आपलं वाटायचं की ताईसारखा असेल. तसा नाहीच. रुंद कपाळ, दात थोडे पुढं, आणि आकडेमोड करताना खालचा ओठ आतून चावायची सवय. काल वाचायचं जिथं थांबवलं तो आकडा लिहून ठेवला होता. आज तोच ‘कुठून’च्या जागी टाकला. पहिल्यापासून वाचत बसावं लागलं नाही. शहाणपण कधी कधी आपल्यालाही सुचतं.

ती मला कपड्यांच्या गाठोड्यावर बसवायची आणि मी घसरलो की म्हणायची, गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर लोळतोस, पैसे तुझ्याकडून घेऊ का? ताई दोन वेण्या घालून अंगणात कोळसा फोडायची. मी ते बघून हसलो, मोठ्यांदा. पाहुण्यानं खोक्यावरून मान वर करून बघितलं.

डोकं जड झालं आहे. घरी, म्हणजे खोलीवर आलो आणि बूट न काढताच पडलो. असं दमणं भांडी घासूनही आलं नव्हतं. पण कधी एकदा उद्या होतो असं झालं आहे.

१५ मार्च, शुक्रवार

वाचलं. दोनशे बाराव्या जीबीपर्यंत वाचलं.

नीट लिहितो. लिहिलं नाही तर डोक्यात फिरत राहील.

सकाळ होती. ताई शेजारच्या आळीत कपडे द्यायला गेली. ती गेली तेव्हा दार सताड उघडं होतं. मी अंगणात होतो, मी बघितलं. आई आत इस्त्री करत होती. मला तिच्याशी खेळायचं होतं. ती म्हणाली, आत्ता नाही, ढीग पडलाय. मला राग आला. मी दार ओढलं, कोळसा फोडायच्या दगडावर चढलो आणि बाहेरून कडी लावली. तिनं आतून हाक मारली. मी हसलो. मग नळावर पोरं पाण्यात खेळत होती तिकडं पळालो आणि विसरलो.

परत आलो तेव्हा माणसं होती आणि धूर होता. कोळसा कपड्यांच्या ढिगावर पडला होता.

मी कुणाला सांगितलं नाही. नंतर मलाच माहीत नव्हतं. पोरं विसरतात.

आणि ताईला अठरा वर्षं वाटतं आहे की कडी तिच्या हातून लागली. ती स्वतः कधी बोलली नाही, मावशीनं मला एकदा सांगितलं होतं. तिच्याच सवयीनं जाता जाता लागली असेल, असं लोक तिच्यासमोर म्हणाले. चौदा वर्षांची होती. आजही घरातून निघाली की तीनदा मागं फिरून दार बघते. लग्न दोनदा जमलं आणि दोन्ही वेळा तिनंच मोडलं. म्हणाली, माझ्या हाताला यश नाही.

१७ मार्च, रविवार

ताईचा फोन आला. जेवतोस का, झोपतोस का, साहेब शिव्या देतो का. मी म्हटलं, ताई, एक सांगायचंय. ती म्हणाली, सोडलीस ना नोकरी? मला वाटलंच. आणि हसली. तिचं हसू ऐकून तोंडातलं तोंडातच राहिलं. म्हटलं, नाही गं, खुर्ची चांगली आहे.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, थांब हं, दार बघून येते. मी थांबलो. ती तीनदा जाऊन आली.

१९ मार्च, मंगळवार

झोप नाही. डोळे मिटले की दगड, कडी, नळ. काल तीन डिस्कांना चुकीचं स्टिकर लावलं. सुपरवायझरनं पेटीवरच्या दिव्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

एक विचार येतो आहे. दिवस एकच आहे. दोनशे बारापासून जेमतेम अर्धा जीबी. त्याच्या आधी आई आहे, ती राहू दे. नंतर ताई आहे, ती राहू दे. मधला तेवढा पुसला तर –

ताईला सांगण्यापेक्षा सोपं आहे. भ्याडाला सोपंच सुचतं.

२० मार्च, बुधवार. सकाळी दहा

केलं. डिस्क नववी, काम लिहायचं, कुठून ते दोनशे बारा. एंटर मारलं. पेटीवरचा दिवा लाल झाला. वेग सेकंदाला आठ एमबी.

साडेदहा

हलकं वाटतं आहे. धूर गेला, दगड गेला. कडी मी लावली हे अजून माहीत आहे, कारण शुक्रवारी वाचलं आणि वर लिहूनही ठेवलं. पण ऐकीव असल्यासारखं. दुसऱ्या कुणाच्या पोराची गोष्ट. एकच गोष्ट दोन जागी लिहिलेली, ती एका जागी पुसून काय मिळवलं मी?

आकडा दोनशे सव्वीस झाला आहे.

सव्वीस. मला दोनशे साडेबाराला थांबायचं होतं.

पावणे अकरा

‘किती’ रिकामं ठेवलं. आम्ही ते नेहमीच रिकामं ठेवतो. आजवर शेकडो डिस्क पुसल्या, एकदाही टूलला कुठं थांब ते सांगावं लागलं नाही. हाताला सवयच नाही. ते आता शेवटापर्यंत जाणार. तेवीस वर्षांपर्यंत. आजपर्यंत.

थांबवायच्या कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. लिहायची टेस्ट थांबत नाही.

साडेअकरा

सुपरवायझर आला. लाल दिवा बघितला आणि शेजारी स्टूल ओढून बसला. ओरडला नाही, तेच वाईट. मी म्हटलं, पट्टा काढतो. त्यानं माझा हात धरला. म्हणाला की पाहुणा याच खुर्चीवर होता. त्यालाही एकच गोष्ट पुसायची होती, बायकोची काहीतरी. घाबरला आणि दिवा लाल असताना पट्टा उपसला. तेव्हापासून रात्री झोपला की सकाळी कोरा. जुनंही नाही आणि नवंही राहत नाही.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही? तो म्हणाला, सांगितलं होतं की, डोळे मिट म्हणून. याहून जास्त सांगितलं तर माणूस लगेच बघायलाच जातो. आधीच्या दोघांना सांगून बघितलं होतं. आणि मग म्हणाला, पॅकिंगला आणखी एक हात लागणारच आहे, तुझी सोय होईल. तो चेष्टा करत होता का ते कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

एवढं मात्र म्हणाला की रात्री मेन स्विच पाडणार नाही, दिवा विझेपर्यंत चालू ठेवीन. उद्या दुपार होईल. मग पाणी आणून ठेवलं आणि माझा डबा उघडून ठेवला.

बारा

जे आठवतं ते लिहून काढतो, म्हणजे गेलं तरी कागदावर राहील. आई गेल्यावर मावशीकडं दीड वर्ष. मग ताईनं इस्त्री परत पेटवली. पहिल्या दिवशी तिच्या कोपराला भाजलं, ती रडली नाही, मी रडलो. तिनं मला उचलून –

साडेबारा

वरचं वाचलं. अक्षर माझंच आहे. भाजल्याचं काही आठवत नाही. ताईच्या कोपरावर डाग आहे हे माहीत आहे, कशाचा ते आता वहीतून कळलं.

बुटाची नाडी सुटली होती. वाकलो, दोन्ही टोकं हातात धरली आणि पुढं काय करतात ते आठवेना. मी सहा वर्षांचा असताना कुणीतरी शिकवलं असणार. जिथं शिकलो तिथंच ते ठेवलं होतं. गेलं.

पाहुणा आला, खाली बसला आणि दोन्ही नाड्या बांधून दिल्या. त्याला बांधता येतात. कुणीतरी आजच सकाळी दाखवलं असेल.

एक वाजून गेला

हिशेब केला, घाईत केला. दीड तासाला एक वर्ष जातं. लिहायला मी उशिरा शिकलो, आठ वर्षांचा झाल्यावर. शाळेत नाही, ताईनं शिकवलं. इस्त्रीच्या टेबलावर जुने पेपर अंथरलेले असायचे, त्यातल्या मथळ्यांवर बोट ठेवून. म्हणजे अडीचच्या सुमारास अक्षरं जाणार.

दोनच वाटा आहेत. पट्टा उपसला तर सगळं जातं, आईसुद्धा. नाही उपसला तर उद्या दुपारी मी पाच वर्षांचा असेन, तेवीस वर्षांच्या अंगात. पण आई असेल. तेवढी न पुसलेली राहील.

मी फार दमलो आहे. उपसत नाही.

नंतर

घड्याळ बघितलं. काटे आहेत. किती वाजले ते सांगत नाहीत. पडद्यावरचे आकडे नुसत्या आकृत्या झाल्या आहेत. मोजायला बोटं पुढं केली, एक, दोन, पुढं पुष्कळ.

किती वेळ उरला ते आता कळायचं नाही. म्हणून जे सांगायचं ते आधी.

ताई, ही वही तुझ्यासाठी आहे. शुक्रवारचं पान वाच. कडी तू लावली नव्हतीस. तू गेलीस तेव्हा दार उघडं होतं. मी लावली, खेळात. तुझ्या हातानं काहीही झालं नाही. लोक म्हणाले ते खोटं होतं. मी सांगायला अठरा वर्षं – नाही, मला कळून दोन-चारच दिवस झाले आणि त्या दोन-चार दिवसांत मी सांगण्याऐवजी पुसायला गेलो. त्याची फेड इथं चालू आहे. तू दार एकदाच बघत जा. एकदापण नको बघूस.

तू येशील तेव्हा मी तुला ओळखेन, पण मोठी झालेली बघून घाबरेन. रागावू नकोस. मला दोन वेण्यांची ताई ठाऊक असेल. तेव्हा वेण्या घालून ये.

पाहुण्याला जवळ बसवलं आहे. त्याला म्हटलं, दादा, माझं लिहून झालं की ही वही खोक्यात घालायची, हा कागद वर चिकटवायचा. त्याला आजच्या आज करावं लागेल, उद्या त्याला आठवायचं नाही. तो हसून म्हणाला, पत्ता लिहिलाय ना? बस मग. ताईचा पत्ता लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येईल. दोनदा तपासला.

सुपरवायझर बघून गेला. जाताना पाहुण्यासमोर एक रिकामं खोकं सरकवलं, वहीच्या मापाचं.

मग

ताईनं पहिलं अक्षर शिकवलं ते पेपरवर बोट ठेवून, म्हणाली हे तुझ्या –

ते अक्षर गेलं. हात तिथं गेला की थांबतो. तिथं रेघ मारतो.

मी इथंच —हे. पट्टा बांधलेला —हे. दिवा लाल.

पाहुणा बघतो. म्हणतो, झालं का? नाही दादा, थोडं.

कोळशाचा वास —ला. ऊब. घरात ती —हे, दारात ऊन —हे. दार उघडं.

ती हाक मारते. दोनदा मारली.

—लो गं —ई, हा बघ मी